शेंदूर लागलेली गाडी

दरसाल चैत्रात देवीच्या उत्सवाला साखरपेकर बुवांना रत्नागिरीच्या स्टँडवरून आणायचं, हे महिपतचं काम. काम कसलं, मानच तो. बुवांचं कीर्तन झाल्याशिवाय देवीची पालखी उठत नसे, आणि महिपतची पिकअप गेल्याशिवाय बुवा येत नसत. परत येताना मागच्या हौद्यात पेटी, तबला आणि तबलजी. पुढं महिपतशेजारी बुवा. निवळीच्या घाटात बुवा दुपारचं आख्यान गुणगुणून बघत, एखाद्या अभंगाची चाल बदलून बघत, मधेच "हे कसं वाटतं, महिपतराव?" असं विचारतही. साऱ्या गावाला जे दुपारी मिळायचं, ते महिपतला सकाळीच, तेही एकट्याला! एकवीस वर्षांत त्यानं देवीकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

गाडी अमेरिकन, मोठ्या लढाईच्या वेळची. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलाव काढला, त्यात महिपतच्या वडिलांनी घेतलेली. पण तिचं नाक आणि स्टिअरिंग तेवढं अमेरिकन उरलं होतं. इंजिन मच्छीमार लाँचचं, मिरजोळ्याच्या मन्सूर मेस्त्रीनं बसवलेलं. हौदा फणसाच्या लाकडाचा, दादू सुतारानं केलेला. डावं दार दुधाच्या टेम्पोचं. बंदरावरनं गेली की लाँच आली समजून कोळणी टोपल्या उचलून उभ्या राहायच्या.

चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात कुणाचा तरी मुंबईचा पाहुणा आला. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, नाकाचे फोटो काढले आणि म्हणाला, "व्हिंटेज आहे ही! असा नग देशात चार-दोनच असतील."

पाहुणा दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. 'व्हिंटेज' मात्र गावात राहिलं. उत्सव समितीचे अध्यक्ष रावजीशेट यांनी लगेच बैठक बोलावली.

"महिपत, गाडी आता तुझी एकट्याची राहिली नाय. गावाचा इतिहास हाय तो. उत्सवात देवळाच्या कमानीत उभी करायची. लोक लांबनं बघायला येतील."

"करू की. पण आधी बुवांना आणून मग..."

"खुळा काय तू? इतिहासात बसवून कोण बुवांना आणतो? माझी अँबॅसिडर जाईल."

महिपतचा एकवीस वर्षांचा मान गेला. पण टाळ्या वाजल्या होत्या, आणि त्या टाळ्यांत त्याचाही सत्कार होता, त्यामुळं रडायचीही सोय नव्हती.

कमानीवर फलक लागला: 'ब्रह्मदेशच्या आघाडीवर पराक्रम गाजवलेले वाहन.'

"शेट," महिपत म्हणाला, "बाबा सांगायचे, ही खडकीच्या छावणीत बटाटे वाहायची."

"बटाटे खाल्ले कुणी? शिपायांनी. शिपाई लढले कुठं? ब्रह्मदेशात. मग?"



उत्सवाच्या आदल्या दिवशी रावजीशेटनी 'देवीचं वाहन' या विषयावर पाऊण तास भाषण केलं आणि लवू गुरवाकडून गाडीच्या नाकाला शेंदूर लावून घेतला. नारळ फुटला, हार पडला. संध्याकाळपर्यंत बायका गाडीला प्रदक्षिणा घालू लागल्या. म्हाताऱ्या आनंदीबाईंनी बॉनेटवर खण-नारळ ठेवून ओटी भरली. एकानं म्हैस व्यायचा नवस बोलला. मन्सूर उत्सव बघायला आला होता, तो महिपतच्या कानाशी लागला, "माझ्या लाँचच्या इंजिनाला लोक हात जोडतात रे! मी काय करू, शेजारी उभा राहू?"

महिपत हसला, पण नुसत्या तोंडानं.

सकाळी सहाला रावजीशेट टोपी घालून अँबॅसिडरमध्ये बसले. त्यांचं घर देवळाच्या आवारातच. आवाराला वाट एकच, कमानीतून. आणि कमानीत इतिहास उभा!

"ढकला रे बाजूला!"

पोरं पुढं झाली, तोच आनंदीबाई काठी आपटत आल्या. "खबरदार! शेंदूर लागलाय. देवीचा कौल घेतल्याबिगर हलवायचं नाय."

"अगो, गाडी हाय ती!"

"काल पाऊण तास काय सांगत होतास मग?"

रावजीशेटना उतरावं लागलं. लवू गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

"आई, गाडी ढकलून शेटना वाट द्यावी काय?"

डावी पडली.

"थोडीशीच ढकलावी काय?"

डावी.

"शेटनी स्वतः ढकलली तर?"

पुन्हा डावी. सात वाजून गेले. तिकडं बुवा स्टँडवर उतरून बसले असणार. महिपत खांबाला टेकून उभा होता. हात जोडलेले, डोळे पाकळ्यांवर. आपण होऊन पुढं कसं व्हायचं? समितीनं ठरवलेलं.

"लवू मेल्या," आनंदीबाई ओरडल्या, "ज्याचं काम त्याचं नाव घे की!"

लवूनं घसा साफ केला. "आई, दरसालासारखा महिपत..."

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

"वारा आला होता," रावजीशेट म्हणाले.

"वारा काय तुमच्या समितीचा हाय?" लवू म्हणाला.

महिपतनं हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला लाँच जागी झाली, कमान हादरली आणि ब्रह्मदेशचा पराक्रम फलकासकट खाली आला. हार, शेंदूर, ओटीचा नारळ, सगळं घेऊन गाडी निघाली. रावजीशेट 'इतिहासाच्या संरक्षणासाठी' मागोमाग निघाले. कातळावरच्या तांबड्या धुळीत त्यांची पांढरी अँबॅसिडर पहिल्याच मैलात भगवी झाली.

बुवा स्टँडवर पेटीच्या खोक्यावर बसले होते. "महिपतराव, उशीर! आणि हे काय, गाडीचं लग्न काढलंत की काय?"

"नंतर सांगतो, बुवा. बसा. आज आख्यान कुठलं?"

"सीतास्वयंवर."

निवळीच्या घाटात बुवांनी सुरू केलं. एकेक राजा मिशीला पीळ देत येतो, धनुष्याला हात घालतो आणि घाम पुसत परत जातो. महिपतला हसू आवरेना.

"अहो, हसता काय? चाल बिघडली का?"

"नाय, नाय. चालू द्या पुढं."

मागून हॉर्न सुरू झाला.

"कोण हो तो?"

"आमचे अध्यक्ष. पुढं जायची घाई दिसते."

"द्यायची का वाट?"

महिपतनं आरशात बघितलं, मग समोरचं वळण. अजून अर्धा घाट उरला होता, आणि रामराया नुकताच उठून उभा राहिला होता.

"तुम्ही म्हणा, बुवा," तो म्हणाला आणि गाडी आणखी हळू घेतली.