हलका हात

चंदेरी, नखाएवढा, एका कडेला करवतीसारखे बारीक दाते... न्हाणीच्या जाळीत अडकलेला तो तुकडा इन्शिराहने आधी बोटाने, मग केसांतल्या पिनेने उचकटून काढला आणि ओल्या तळहातावर ठेवून खिडकीशी आणला. कसल्यातरी पुडीचा फाडलेला कोपरा. शाम्पूची म्हणावी तर या घरात शाम्पू बाटलीतला, तोही तिच्या एकटीचा. नवऱ्याच्या, मितवल्लीच्या, डोक्यावर केस होते तेव्हासुद्धा तो साबणच चोळायचा. मग ही पुडी आली कुठून? पुड्या असतात हॉटेलात — आणि हे मनात आलं तशी ती न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. गंमत म्हणजे त्यातही तिला कुठेतरी बरं वाटलं. सापडलं एकदाचं.

वसंत संपल्यापासून शंकेची पाल चुकचुकत होती, पण हाती काही लागत नव्हतं. होता तो नुसता वास. मितवल्ली फर्निचरला पॉलिश करणारा, लाख आणि स्पिरिट त्याच्या अंगात मुरलेलं; आणि तिच्या बोटांनाही स्पिरिटचाच वास, कारण सासू अंथरुणाला खिळली तेव्हा ती इंजेक्शन द्यायला शिकली आणि त्यानंतर या इमारतीचे पाचही मजले तिच्याकडेच यायला लागले. हानीच्या आईचा हात हलका आहे, असं सगळे तिच्या मुलाच्या नावाने म्हणायचे. दोघांच्या दोन कामांनी घराला एकच वास दिला होता. पण शुक्रवारी, कारखाना बंद असताना, अंघोळ करून आलेल्या नवऱ्याच्या गळ्यापाशी ताजं स्पिरिट कुठून येतं? अत्तरातही स्पिरिट असतं, एवढं तिला कळत होतं.

आणि तो गळाही आता दिसत नव्हता. ऐन उन्हाळ्यात, दुम्यात शहराच्या त्या चिकट हवेत, माणूस पायघोळ गलाबियाची सगळी बटणं लावून झोपतो, तेही भिंतीकडे तोंड करून... नात रीताज यायची ती थेट आजोबांच्या खांद्यावर चढायची, तिला एका संध्याकाळी त्याने चक्क उचलून खाली ठेवलं, मोठी झालीस आता म्हणाला. चार वर्षांची पोर! आणि भिशी. यंदाची भिशी त्यांना लागली, ते पैसे नव्या फ्रीजसाठी होते, आणि ते त्याने वापरले. गिऱ्हाईकाने बुडवलं म्हणे. कुठल्या गिऱ्हाईकाने, ते विचारलं की तोंडात मिठाची गुळणी.

ती बाई तिने मनाशी रंगवूनही टाकली होती. चेहरा कधी नीट दिसत नसे, पण हात दिसत — मऊ, क्रीम लावलेले, ज्यांनी कधी कुणाला टोचलेलं नाही असे. इन्शिराह भांडी घासताना त्या हातांशी भांडायची. मितवल्ली आपल्याला सोडून जाईल का, हा प्रश्न तिने अजून शब्दांत मांडला नव्हता, पण स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तोच एक प्रश्न तिच्याबरोबर घरभर फिरत होता.

सिरिंजा संपल्याच होत्या. तेवढ्या निमित्ताने ती डॉक्टर मीलादच्या औषधांच्या दुकानात गेली, गर्दी ओसरेपर्यंत पावडरचे डबे बघत उभी राहिली, आणि मग तो तुकडा काचेवर ठेवून, जिन्यात सापडला, लहान पोरं तोंडात घालतील म्हणून विचारते, असं म्हणाली. मीलादने तो उलटसुलट केला. कडेवरची दोन परदेशी अक्षरं वाचली. मग चष्मा काढला — आणि चष्मा काढणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नसे.

पुरुषांचं औषध आहे, तो म्हणाला. शरीरातलं पुरुषी संप्रेरक कमी पडलं की हे स्पिरिटातलं जेल रोज खांद्याला चोळायचं, बाहेरून येतं, इथे क्वचितच मिळतं, आणि महिन्याच्या खोक्याला चार-पाच हजार पौंड पडतात. गोळ्याही असतात, पण त्या तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, आणि त्याही स्वस्त नाहीत. हे सगळं तो दुकानदाराच्या सपाट आवाजात सांगत होता, आणि तिच्या डोक्यात फक्त खांदा हा शब्द वाजत होता.

"आणि इंजेक्शन?" तिने विचारलं.

"ते शे-सव्वाशेत येतं. दोन-तीन आठवड्यांतून एक." त्याने तुकडा तिच्याकडे सरकवला. "पण ते टोचायला कुणीतरी लागतं, हानीच्या आई."

हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं का? पाहिलं. की पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसंच पाहिलं? ती निघाली तेव्हा तो आणखी एवढंच म्हणाला, की जेल चोळलेल्या जागेला बायकांचा, लहान मुलांचा स्पर्श होता कामा नये, त्यांना ते बाधतं. धुवावं, नाहीतर कपड्याने झाकून ठेवावं. आणि सगळं काही त्या एकाच गोष्टीसाठी नसतं, माणसं थकतात, खचतात, बसल्या जागी झोपतात...

बसल्या जागी झोपतात. रस्ताभर ते वाक्य तिच्याबरोबर चाललं. मागच्या हिवाळ्यात मितवल्ली कारखान्यातल्या बाकावर झोपून गेला होता, हातात पॉलिशचा बोळा तसाच. टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेत म्हातारा मरतो तर हा डोळे पुसत होता, आणि आपण म्हणालो, कांदा मी चिरतेय आणि रडताय तुम्ही. तेव्हा म्हणे तो आजारी होता. म्हणजे कुणा डॉक्टरकडे गेला, रक्त तपासायला दिलं, सगळं एकट्याने... बरं, गेला असेल. पण बरं व्हायचंय ते कुणासाठी? पुरुष औषध घेतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो, तर ती ताकद जाते कुठे? ती बाई अजून गेली नव्हती. मऊ हात मागे घेऊन दाराआड उभी होती, एवढंच.

दुपारी वरच्या मजल्यावरचे फिक्री उस्ताद आले. निवृत्त कारकून, उस्ताद नुसतं आदराने म्हणायचं, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली नेहमीची काचेची कुपी. तिला ते जीवनसत्त्व म्हणायचे आणि तीही जीवनसत्त्वच म्हणायची. आत घट्ट पिवळं तेल. ते तसंच टोचलं तर गाठ होते, म्हणून ती नेहमी कुपी मुठीत धरून बसे, तेल पातळ होईपर्यंत, आणि उस्ताद तेवढा वेळ बाजारभावांबद्दल, हवेबद्दल, मुलगा फोन करत नाही त्याबद्दल बोलत राहत. आज तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. पिवळं तेल, शे-सव्वाशे पौंड, आणि घरात हलक्या हाताची बायको, फुकटात... आणि त्याने भिशीचे पैसे मोडून ते जेल आणलं. दसपट, वीसपट पैसे. कशाचे? माझा हात नको होता, त्याचे.

सुई काढल्यावर ती जागा बोळ्याने दाबायची ती विसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना उस्तादांनी जिन्यात आधी डोकावून पाहिलं, कुणी आहे का ते, आणि मगच बाहेर पडले. ते जिन्यात कुणाला टाळतात, हे तिला ठाऊक होतं.

उस्तादांना मी हसले होते का? एकदाच, फार पूर्वी, स्वयंपाकघरात मुलुखियाची पातळ भाजी ढवळताना मी बोलून गेले, की फिक्री उस्तादांचं जीवनसत्त्व काही साधं नाही. पाच मजल्यांची अंगं बघितली, कुणाचं काही कुणाला सांगितलं नाही, तेवढं एक सांगितलं, तेही नवऱ्याला. आणि हसले असेन, म्हणूनच तर तो घाबरला... नाही. तिने आठवण पुन्हा पहिल्यापासून लावली. ढवळायचा डाव तिच्या हातात होता आणि हसला तो होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ओट्याला धरून. मग कितीतरी दिवस जिन्यात गाठ पडली की मुद्दाम विचारायचा, "काय उस्ताद, कोंबडा आरवतोय ना?" तिने दोनदा सांगितलं होतं, अहो, पुरे. तिला तेव्हा इतकी लाज वाटली होती की मुलुखिया खाली लागली.

म्हणजे तो भिऊन होता ते त्याच्याच हसण्याला. ते हसू त्याने माझ्या तोंडावर बसवलं आणि मग त्या तोंडापासून खांदा लपवून झोपत राहिला. तीस वर्षं शेजारी झोपून माणूस आपल्याला एवढंच ओळखतो... तिला संताप आला, आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. त्या दुसऱ्या बाईशी निदान भांडता तरी येत होतं. ही जी बाई मितवल्लीने मनात धरली होती, त्याच्या नावाने फिदीफिदी हसणारी, हीच आपली खरी सवत, आणि तिला आपलंच नाव आहे.

संध्याकाळी तो आला, न्हाणीत गेला, कडी लागली. पूर्वी ती पाण्याचा आवाज थांबला की पुढचे क्षण मोजायची. आज पाणी थांबलं तरी ती भाकरी शेकत राहिली. तो बाहेर आला तो गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि वास आधी आला. कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. सवयीने तिचा हात पुढे झाला, तसा तो अर्धं पाऊल मागे सरकला.

"राहू दे," तो म्हणाला. "ओलं आहे."

कालपर्यंत हे अर्धं पाऊल तिने गुन्ह्यात धरलं असतं. आज तिला तेच पाऊल दोन तऱ्हांनी दिसलं — माझ्यापासून मागे, आणि माझ्यासाठी मागे — आणि कुठली तऱ्हा खरी ते काही केल्या ठरेना. तुकडा तिच्या झग्याच्या खिशात होता. तो काढून ताटाशेजारी ठेवायचा, एवढंच. पण मग तो काय करेल? खोटं बोलेल, की रडेल? तिला दोन्ही नको होतं.

"फिक्री उस्ताद येऊन गेले," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली.

तो हसला नाही. त्या कोंबड्याचं नावही कित्येक महिन्यांत निघालं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, ताटात तसाच ठेवला. भिशीचे पैसे केव्हाच संपले असणार. आताचं खोकं शेवटचं असेल, किंवा त्यातल्याही चार पुड्या उरल्या असतील.

"त्यांना..." तो ताटाकडे बघत म्हणाला, "दुखतं का गं ते?"

हे तो उस्तादांसाठी विचारतोय असं समजायची तिला मुभा होती. तिने तसं समजायचं ठरवलं, आणि ठरवतानाच आपला विश्वास बसत नाही हेही तिला कळलं.

"तेल घट्ट असतं," ती म्हणाली. "मी आधी मुठीत धरून ऊन करून घेते."

त्याने मान हलवली आणि जेवायला लागला. आणखी काही विचारेल म्हणून ती थांबली, पण त्याने मीठ मागितलं. मीठ देताना तिचं स्वतःच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. मूठ मिटलेली होती. आत काहीच नव्हतं, तरी ती सोडावीशी तिला वाटेना.