दोन बोटं मावतील इतकं

लिफ्टवाले काका विमानतळाच्या फाटकाशी बसमधून उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि काकांच्या अंगात तीन स्वेटर होते. पँटच्या आत आणखी एक पँट होती आणि तिच्या आत लोकरीचा पायजमा. आखाड्यात नव्याने उतरलेल्या पहिलवानासारखे पाय फाकून ते चालत होते. मानेवरून घाम ओघळत होता, पण चेहरा असा की जणू वारा खायला निघालेत.

काकांची मुलगी या छोट्याशा विमानतळावर पॅराशूटच्या घड्या घालायचं आणि उडी मारायला येणाऱ्यांना हार्नेस, म्हणजे अंगाला आवळायचे पट्टे, चढवायचं काम करायची. हंगाम संपताना एक दिवस इथल्या लोकांच्या घरच्यांनाही उडी मारू देत. गेल्या वर्षी काका आले होते. तेव्हा मुलीने पट्टे आवळत आणले, आवळत आणले, आणि शेवटी बकल शिवणीला जाऊन टेकलं.

"बाबा, आता आवळायला पट्टाच उरला नाही," ती म्हणाली होती. "याहून लहान हार्नेस आमच्याकडे नाही. आणखी बारीक झालात तर पुढच्या वर्षी खालूनच टाटा करायचा."

आणि काका आणखी बारीक झाले होते. मुद्दाम नव्हे. बायको गेल्यापासून ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं आणि बशी विसळून पालथी घालायची, अशी सवयच लागली होती. घरात दोन खुर्च्या. एकीवर रद्दी, दुसरीवर इस्त्रीचे कपडे. बसणार कुठे? रविवारी मुलीचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "ठीक आहे." हे 'ठीक आहे' बोलून बोलून इतकं गुळगुळीत झालं होतं की तोंड उघडलं की आपोआप घरंगळायचं.

शेजाऱ्यांना काका वर्षभर आभाळाच्या गोष्टी सांगत आले. ढग खालून कसे जातात, नदी कशी दोऱ्यासारखी दिसते. खरी गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना आठवायचे ते पट्टे. खांद्यावर, छातीवर, मांड्यांवर सगळीकडून एकदम कुणीतरी धरून ठेवल्यासारखे. कमरेमागचा पट्टा ओढताना मुलीने आधाराला दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला होता. एरवी वर्षभरात न्हाव्याचा हात डोक्याला लागायचा, तेवढाच.

म्हणून तीन स्वेटर.

"अरे वा! अंगानं भरलात की हो बाबा!" मुलगी शेडमधून धावतच आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. एवढा विचार काकांनी केलाच नव्हता.

"हवा मानवलीय," ते म्हणाले.

"आणि स्वेटर कशाला या उन्हात?"

"वर थंडी असते ना? गेल्या खेपेला दात वाजले माझे."

तिने हार्नेस चढवला. छातीचा पट्टा, पोटाचा, मग खाली बसून मांड्यांचे. मांडीच्या पट्ट्याखाली तिने दोन बोटं सरकवून पाहिली. हेच तिचं माप. दोन बोटं जेमतेम मावली पाहिजेत. मूठ मावली तर सैल, एकही बोट मावलं नाही तर पायाला मुंग्या. मग तिने त्यांना उकिडवं बसायला लावलं, गुडघे छातीशी घ्यायला लावले, पुन्हा बोटं घातली. सगळं जागच्या जागी. बकलाच्या पुढे वीतभर पट्टा शिल्लक लोंबत होता.

"घट्ट होतंय?"

"झकास."

तिने कमरेमागचा पट्टा ओढला. हात पाठीवर टेकला. काकांनी डोळे मिटले. पण मध्ये तीन स्वेटर होते. तिचा हात आहे की पिशवी टेकलीय, हेही कळेना.

तेवढ्यात वारा वाढला. कप्तानाने विमानातूनच हात हलवला, थांबा म्हणून. सगळे शेडमधल्या बाकावर बसले. सगळे ज्याला भोपळा म्हणत तो प्रशिक्षक काकांशेजारी बसला. काकांना पोटाशी अडकवून तोच उडी मारणार होता. शरीर नावाला साजेसं, आवाज त्याहून मोठा.

"काय काका, जन्मभर लोकांना वर-खाली केलंत. आज आम्ही तुम्हाला करणार!"

"आमच्या लिफ्टला खाली यायला दोर लागायचा रे. तुम्ही तर नुसतं सोडून देता."

"सोडत नाही हो काका, मी मिठी मारून असतो!"

सगळे हसले. काकाही हसले, आणि हसताना मांडीवर काहीतरी हललं.

त्यांनी हळूच हात खाली नेला. पट्ट्याखाली दोन बोटं गेली. मग चार. मग अख्खा पंजा.

काकांना लगेच उमगलं. लोकरीत लोकर कमी आणि हवाच जास्त. बाकावर अंगाचा भार पडला, घाम मुरला, आणि हवा हळूहळू निघून गेली. पट्टे होते तिथेच होते, आतला माणूस आक्रसला होता. लोंबणारं टोक त्यांनी स्वतःच ओढलं. बकल शिवणीला टेकलं, तरी तळहात आत जात होता. आणि सैल दोर काय करतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. भार पडला की तो आधी मोकळा धावतो आणि मग हिसका देतो. पॅराशूट उघडेल, भोपळा वर थांबेल, आणि आपण पट्ट्यांमधून खाली घसरू. किती, ते सांगता येत नाही. पट्ट्यात अडकलो तर वाचलो.

वारा पडला. इंजिन सुरू झालं. भोपळा उठून हातमोजे घालू लागला. मुलगी विमानाच्या दाराशी दुसऱ्या एका बाईंचे पट्टे पाहत होती. तिथूनच तिने ओरडून विचारलं, "बाबा, ठीक ना?"

तोंड उघडलंच होतं. शब्द जिभेवर येऊन बसला होता. एवढं म्हटलं की आभाळ. नाही म्हटलं तर तीन स्वेटर, लोकरीचा पायजमा, सगळंच बाहेर.

"ढिलं आहे," काका म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्यांनी हात वर केला आणि जन्मात कधी ओरडले नसतील तसे ओरडले, "ढिलं आहे गं!"

ती आली. मांडीशी हात घातला, आणि तिचा पंजा अख्खा आत गेला. एकेक बकल तिने सोडवलं. मग पहिला स्वेटर, दुसरा, तिसरा. बाकावर ढीग झाला. पँटीखालून डोकावणारा लोकरीचा पायजमाही तिने पाहिला. शेवटी पातळ सदरा उरला आणि त्यातून दिसणाऱ्या बरगड्या.

"तुम्ही निघा," ती भोपळ्याला म्हणाली. तो एरवी एखादा विनोद करून गेला असता. आज नुसता गेला.

विमान उडालं. आवाज लांब गेल्यावर ती म्हणाली, "आज काय खाल्लंत?"

"चहा-बिस्किट."

"काल?"

काकांनी बाकावरचा एक स्वेटर घडी घालायला घेतला.

"दर रविवारी विचारते मी, बाबा."

"विचारतेस गं." वर पॅराशूटचे पांढरे ठिपके उघडत होते. त्यातल्या एकालाही काकांनी मान वर करून पाहिलं नाही.

तिने कपाटातून एक बाद झालेला मांडीचा पट्टा काढला. बकल शाबूत होतं, कापड विटलं होतं. त्यावर एका जागी लाल दोऱ्याचे चार टाके घातले. "पायजमा न घालता. बकल इथवर आणून दोन बोटं मावली, की मला सांगा. मग उडायचं." डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने दंडाने पुसले. "आणि खोटं सांगू नका. मी येऊन बघेन." विमान पुढच्या फेरीसाठी उतरत होतं. तिला पळावं लागलं.

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी दोन बटाटे उकडत ठेवले. खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे पलंगावर नेऊन टाकले आणि ते बसले. पिशवीतून पट्टा काढून मांडीला गुंडाळला. बकल लाल टाक्यांपर्यंत आणलं. पंजा आत जात होता.

बटाटे शिजत होते. त्यांनी बकल टाक्यांपलीकडे नेलं, पट्टा मांडीला बसेपर्यंत ओढला, आणि कुणीतरी धरून ठेवल्यासारखे तसेच बसून राहिले.