मी खराब झालो नव्हतो

मी एक कपॅसिटर बोलतोय. बोटाच्या पेराएवढा, पिवळा, दोन पायांचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात बसून नको ती वीज अडवायची आणि आवाजाला पुढे वाट करून द्यायची, हे माझं काम.

आम्ही जुळे. आम्हाला निवडलं ते एका विज्ञानाच्या शिक्षकांनी. स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवताना डझनभर कपॅसिटर आणून त्यांनी ते एकेक करून मीटरने मोजले, ज्यांचं माप तंतोतंत जुळलं त्या आम्हा दोघांना ठेवलं आणि आमच्या पाठीवर शाईने आकडा लिहिला. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. तिच्यासाठी ते पुस्तकं मोठ्यानं वाचून टेपवर भरून ठेवत. त्यांचा आवाज भरदार, खोल. ते गेल्यावरही रोज दुपारी तो आमच्यातूनच तिच्यापर्यंत जायचा.

सव्वीस वर्षांनी अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरू लागला. तिने तो धाकट्या भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"बिघडलंय तेवढंच बदल," तिने त्याला बजावलं. "बाकी त्यांच्या हातचं राहू दे."

भावाने झाकण काढलं. गुरगुर होती ती वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरांची; ते आतून सुकले होते. त्यांच्या जागी त्याने योग्य मापाचे नवे घातले. मग आम्हाला मोजलं. आकडा जसाच्या तसा. मला वाटलं, सुटलो. पण तो आमच्याकडे बघतच राहिला. आमच्यासारखे आता मिळत नव्हते, आणि त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर अर्धवट पडला होता.

त्याने आम्हाला उपटलं आणि आमच्या जागी खणात सापडले ते बसवले, आमच्या मापाच्या दहाव्या हिश्श्याचे. तिने जुने भाग मागितले, तर म्हणाला, टाकून दिले.

चार दिवसांत तिचा फोन आला. आवाज पोकळ येतोय, हे वाचताहेत असं वाटतच नाही, म्हणत होती. त्याने सांगितलं की टेप जुनी झालीय, आणि तिचे कानही. तिने ते खरं मानलं. टेप लावणंच सोडलं.

महिन्याभराने त्याने शिवायला दिलेला सदरा घेऊन ती दुकानात आली. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर उघडाच होता. तिने वाकून पाहिलं आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हे अक्षर यांचं आहे."

तो खाली बघत म्हणाला, "ताई, परत बसवून देतो."

"माझे कान गेले म्हणालास. आणि मी मानलं रे."

तिने आम्हाला तिथल्या तिथे काढायला लावलं आणि अ‍ॅम्प्लिफायरसह दुसऱ्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी भिंगातून पाहिलं. घाईत काढताना माझा एक पाय मुळापासून तुटला होता. जोडीतला एकच वापरण्यापेक्षा दोन्ही नवे घालू, असं त्या म्हणाल्या. आमचं माप बघून त्यांनी तेवढ्याच मापाची जोडी निवडली आणि बसवली. टेप लावली.

आवाज आला. भरदार, खोल, पूर्वीसारखा. ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.

मी काउंटरवर कागदाच्या पुडीत होतो. आमच्यावाचून हा आवाज तिच्यापर्यंत पोचणार नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. भावाने केलं त्याचा राग आला होता. आमच्यावाचूनही तो पोचला, याचा राग कुणावर काढू?

आता आम्ही तिच्या बटणांच्या डब्यात असतो. भाऊ येतो, चहा पितो, ती शिवण चालूच ठेवते.

कुणाचं काही दुरुस्तीला घ्याल, तेव्हा एवढंच करा. धडधाकट असेल त्याला हात लावण्याआधी, ज्याचं आहे त्याला विचारा. तिला कुणी विचारलं नाही.