इंदुताईंच्या नावानं

हुडकेश्वरच्या चौकात ट्रॅफिकचा हवालदार म्हणून दुर्गेशची ड्युटी लागली, आणि सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला म्हणता, तर त्याच्या सासूला. इंदुताईंचं घर त्या चौकापासून दोन गल्ल्या आत. बाईंचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात जावई चौकात शिट्टी घेऊन उभा. मग काय विचारता. भाजीच्या गाड्यावर, गच्चीवर पापड वाळवताना, जो भेटेल त्याला त्यांचं एकच सांगणं.

"चौकात अडवलं तं माझं नाव सांगजा. इंदुताईच्या गल्लीतले आहो म्हणा. आपलाच पोरगा आहे थो."

गल्लीनं ऐकलंही. शेजारच्या कौसल्याबाईंनी नाव सांगितलं, समोरच्या सोनिकानं सांगितलं, आणि दोघींनी परत येऊन काम झाल्याचं कळवलं. कौसल्याबाई तर म्हणाल्या, "तुमचं नाव काढल्याबरोबर थो बाजूले झाला वं." त्यानंतर आठवडाभर इंदुताईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्यांना आधी बसायला जागा देत. बाईंना आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो त्यांना मनापासून आवडला होता.

त्यांचे यजमान बाबाराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते एकदा म्हणाले, "असं नाव वाटत फिरू नको. पोराची नोकरी आहे."

"तुमी कोराडीत जनम घालवला," इंदुताई म्हणाल्या, "तुमच्या नावानं कोणी एक बल्ब तरी देल्ला का?"

बाबारावांनी पेपर वर धरला आणि विषय संपला.

यंदा ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तांब्याच्या ताटात अनारसे आणि वर पेटता दिवा ठेवून त्याच्या हाती द्यायचा. लेक उन्नती आदल्या दिवशीच माहेरी येऊन बसली होती. दुर्गेश ड्युटी संपवून दुपारी येणार होता, आणि जावई दाखवायला म्हणून इंदुताईंनी निम्मी गल्ली जेवायला बोलावली होती.

सकाळी पुरण शिजत घातलं आणि पाहतात तर तूप कमी. इंदुताईंनी स्कूटर काढली आणि चौकापलीकडच्या डेअरीत निघाल्या. उन्नती आतून ओरडली, "आई, हेल्मेट."

"कायले? तुहा नवराच तं उभा आहे तिथं," म्हणत बाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि गाडीला किक मारली.

जाताना दुर्गेश दुसऱ्या बाजूला होता. येताना मात्र तुपाचा डबा डिक्कीत घालून त्या सिग्नलला आल्या आणि नेमका तोच समोर. त्यानं एक मोटारसायकल थांबवली होती. चालवणाऱ्याच्या डोक्यावर काही नव्हतं, मागे बायको, तिच्या मांडीवर तापानं मलूल झालेलं लेकरू. दुर्गेशनं पोराच्या कपाळाला हात लावला, दवाखाना कोणता ते विचारलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्या बाईच्या रुमालावर ओतलं आणि म्हणाला, "डाव्या बाजूनं, हळू जा. उद्या हेल्मेट घालजो." गाडी गेली. इंदुताईंची छाती अभिमानानं भरून आली. असा सोन्यासारखा माणूस शोधला लेकीसाठी, असं त्या मनात म्हणाल्या आणि हसतच पुढे सरकल्या.

दुर्गेशनं हात आडवा केला.

सासूला तो इकडच्या रीतीनं मामी म्हणायचा. "मामी, गाडी बाजूले घ्या," तो म्हणाला.

इंदुताईंना वाटलं, जावई ख्यालीखुशाली विचारणार. त्यांनी गाडी कडेला भैय्याजीच्या पानठेल्याजवळ लावली. तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणारी नेहमीची चार टाळकी उभी होतीच.

"हेल्मेट?" दुर्गेशनं विचारलं.

"घरी आहे ना. तूप आणाले आली मी, तुमच्याच धोंड्याचं."

"मंग चावी द्या."

या चौकात दुर्गेशची स्वतःची एक रीत होती. घर जवळ असेल तर चावी त्याच्याकडे ठेवायची, पायी जायचं, आपलं हेल्मेट घेऊन यायचं आणि गाडी न्यायची. चालान नाही, बोलणी नाहीत. ज्याला चालायचं नसेल त्याच्यासाठी चालानचं मशीन तयार. लोक सुरुवातीला कुरकुरले, पण मग त्यांना ते पटत गेलं, कारण चालणाऱ्यात नगरसेवकाचा भाचाही असायचा आणि दूधवालाही. इंदुताईंना हे सगळं माहीत होतं. फक्त ते दुसऱ्यांसाठी आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"मी पायी जाऊ?" त्यांचा आवाज चढला. "ह्या उन्हात? सासूले पायी पाठवता, अन् आत्ता त्या मोटारसायकलवाल्याले सोडलं. थो कोण लागे तुमचा?"

"कोणीच नाही, मामी. त्याच्या घरी ताप होता. आपल्या घरी पुरण आहे." दुर्गेशच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो निव्वळ उन्हाचा नव्हता. "गुडघे दुखत असतीन तं ई-रिक्षा बोलावतो. पैसे मी देतो. पण हेल्मेट आणा लागते."

"साऱ्या गल्लीले सोडता माझ्या नावानं. अन् मलेच नाही?"

दुर्गेशनं चावीसाठी हात पुढेच धरला. भैय्याजीला मात्र राहवलं नाही. "काकू, राग नका मानू," सुपारी कातरता कातरता तो म्हणाला, "पण तुमच्या नावानं इथून एक गाडी नाही सुटली. कौसल्याबाई दोन डाव पायी गेल्या. ते सोनिका तं रडतच गेली होती."

इंदुताईंनी जावयाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग त्यांनी चावी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि चालायला लागल्या. ई-रिक्षा नको, काही नको.

पहिली गल्ली संतापात गेली. पाय धुवायचे म्हणे याचे. तेच पाणी ओतते याच्या डोक्यावर, असं त्या पुटपुटत होत्या. दुसऱ्या गल्लीत ऊन डोक्यात भिनलं, पाऊल मंदावलं, आणि कौसल्याबाई डोळ्यांपुढे आल्या. ही बाई दोनदा अशी चालली. चप्पल भाजत असेल तिची. आणि दारात येऊन हसत सांगते की थो बाजूले झाला वं. सोनिकानंही तसंच. सगळ्यांनी मिळून त्यांचं नाव सांभाळलं होतं, आणि त्या नावाच्या जोरावर त्या पुढची जागा घेऊन बसत होत्या. इंदुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं, जरी बघणारं कोणी नव्हतं.

घरी बाबारावांनी सगळं ऐकलं. "बस तू. मी आणतो गाडी," ते म्हणाले.

ते सोपं होतं. गल्लीला काही कळलं नसतं. दुपारी बायका आल्या असत्या, जावई मिरवता आला असता, आणि सगळ्यांनी पुन्हा एकदा काम झाल्याचं नाटक केलं असतं. इंदुताई पाणी प्यायल्या, थोडा वेळ बसल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. हेल्मेट खिळ्याला उलटं टांगलेलं होतं, त्यात वर्षाचा लसूण. त्यांनी लसूण परातीत ओतला, हेल्मेट झटकलं आणि घरातूनच डोक्यावर चढवून निघाल्या.

चौकात सगळ्यांनी त्यांना येताना पाहिलं. पानठेल्यावरचं हसणं आपोआप थांबलं. दुर्गेशनं चावी पुढे केली आणि हळूच म्हणाला, "मामी, पट्टा."

"थो कसा लावतेत?"

त्यानं शिट्टी खिशात टाकली, वाकला आणि सासूच्या हनुवटीखाली पट्टा अडकवला. लसणाचा वास त्याच्या नाकात गेला असणार, पण त्यानं फक्त पट्टा ओढून घट्ट बसला का ते पाहिलं.

"वेळेवर या," इंदुताई म्हणाल्या. "धोंडे थंडे झाले तं मजा नाही येत."

दुपारी तो वर्दीतच आला. इंदुताईंनी त्याचे पाय धुतले, पाटावर बसवलं, आणि ते पाणी त्याच्या डोक्यावर काही ओतलं नाही. बायका जेवायला बसल्या. सगळ्यांना बातमी आधीच लागलेली होती, म्हणून सगळ्या आपापल्या ताटाकडे बघत होत्या. उन्नती दाराशी तूप घेऊन उभीच राहिली. शेवटी कौसल्याबाईंनीच धीर केला. "इंदुताई, जावयानं तुमाले तं लगेच सोडलं असन ना?"

सुटायला दार उघडं करून दिलं होतं कौसल्याबाईंनी, अगदी मायेनं. इंदुताईंना ते समजलं.

"नाही सोडलं," त्या म्हणाल्या. "पायी पाठवलं, तुमच्यासारखंच."

मग सोनिका फिसकन हसली, तिच्यामागून कौसल्याबाई, आणि मग कोण किती वेळा चाललं, कोणाची चप्पल तुटली, कोणी कोणाचं हेल्मेट मागून आणलं, सगळं बाहेर पडलं. दुर्गेश मान खाली घालून धोंडे खात होता. "एक अजून घ्या," इंदुताई त्याला म्हणाल्या आणि त्याच्या ताटात दोन वाढले.

पुढच्या आठवड्यात गल्लीत नवा भाडेकरू आला, कन्हानचा ओमप्रकाश. त्यानं इंदुताईंना फाटकाशी गाठलं. "काकू, चौकातले साहेब तुमचे जावई म्हणे. तुमचं नाव सांगितलं तं चालते का?"

इंदुताईंनी कमरेवर हात ठेवले. आवाज असा लावला की चार घरं पलीकडे ऐकू जावा.

"सांगून पाह्य. भर उन्हात सासूले पायी पाठवलं त्यानं. तू कोण लागून गेला?"