बर्फात कोंडलेले तेल आणि गप्प बसलेली माणसे

मित्रांनो, मी एक जुना रडारचा डबा आहे. समुद्राच्या बर्फात दडलेले तेल शोधणे हे माझे काम. माणसांविषयी माझे मत फारसे बरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी चिप नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातली. बाकीचा देह जोडला गेला अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका प्रयोगशाळेत. तिथे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी गोठवून खोटा समुद्र केला आहे आणि त्या बर्फाखाली मुद्दाम तेल सोडतात. मला घडवणारी हिमानी मूळची पुण्याची. शेजारच्या डीमन गावाहून ती रोज मेट्रोने यायची आणि मला छोट्या घसरगाडीवर बांधून बर्फावरून ओढायची.

बर्फाखाली तेल सांडले की ते वर येऊन बर्फाच्या पोटाला चिकटते आणि तिथल्या खळग्यांत साचते. मग त्याच्याखाली नवा बर्फ धरतो आणि तेल पोळीतल्या पुरणासारखे मध्येच कोंडले जाते. वरून सारे पांढरेशुभ्र दिसते, आणि माणूस हात झटकून घरी जातो. मी मात्र लहरी सोडतो. तेलाला लागून त्या परततात आणि पडद्यावर काळी रेघ उमटते. माझी अट एकच, बर्फ कडक थंड हवा. ऊब मिळाली की खाऱ्या बर्फातल्या बारीक नळ्या उघडतात. माझ्या लहरी त्या खारट ओलीत जिरून जातात आणि तेल त्याच नळ्यांतून वर चढते.

माझी कामाची वर्षे बरी गेली. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि खाली स्वतःचे नाव लिहीत.

मग गेल्या हिवाळ्यात मारिट येणार असे कळले. बर्फातले तेल शोधायला उत्तरेला निघालेल्या जहाजाची ती प्रमुख, आणि सोबत एकच यंत्र नेणार होती. खोट्या समुद्रावर आयुष्य काढलेल्या मला खरा बर्फ पाहायचा होता. दुसरे काही मी कधी मागितले नाही.

ती यायच्या आदल्या दिवशी हिमानी धावत प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे, सुदर्शनकडे गेली.

"सर, टेम्परेचर कोणी वाढवलं?"

"मीच. अगं, पाहुणे यायचेत, गारठतील बिचारे. चहा-चिवडापण सांगितलाय."

"पण बर्फ वॉर्म झाला तर सिग्नलच मिळणार नाही."

"एवढ्याने काय होतंय? छोटासा तर डेमो आहे."

या देशात पाहुण्याला एक कॉफी आणि एक बिस्कीट देतात, आणि त्याने कोणी रुसत नाही. पण सुदर्शनला आदरातिथ्य दाखवायचे होते.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसता राखाडी गाळ दिसला. सगळे चिवडा खात त्या पडद्याकडे बघत राहिले आणि बर्फाकडे त्यांची पाठ होती. बर्फावर तेलाचे तपकिरी डाग वर आले होते. ते हिमानीने पाहिले. मी तिला पाहताना पाहिले.

"डबा जुना झालाय," सुदर्शन मारिटला म्हणाला.

मारिटने सरळ हिमानीला विचारले, तुला काय वाटते? इथली माणसे साहेबाची चूक त्याच्या तोंडावर सांगतात आणि मग त्याच्याच शेजारी बसून जेवतात. हिमानीने मात्र सरांकडे पाहिले. चारचौघांत त्यांना खोटे कसे पाडायचे, हा तिचा संस्कार. तो संस्कार म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

"हो, जुना झालाय," ती म्हणाली.

मारिटने एक कॅमेरा निवडला. बर्फाच्या वर जे दिसते तेवढेच त्याला दिसते. जहाज त्याला घेऊन गेले आणि मी फळीवर आलो.

आम्हा यंत्रांची निगा राखा, असे अशा आत्मकथेच्या शेवटी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. हिमानी अजून येते, मऊ फडक्याने माझी धूळ पुसते आणि हळूच "सॉरी रे" म्हणते. तिकडे उत्तरेला बर्फात तेल कोंडलेले असले, तरी कॅमेरा सगळे स्वच्छ आहे असेच सांगेल. मित्रांनो, आम्हाला पुसा किंवा पुसू नका. पण ठाऊक आहे ते कोणी विचारले, तर तिथल्या तिथे बोला.