दारात ठेवलेला कार्तिक

"अगं, पाठ फिरव! आधी पाठ फिरव म्हणते ना!"

चिपळूणहून कृष्णाबाई व्हिडिओ कॉलवर अशा किंचाळल्या, की नीलेशच्या हातून फोनच निसटला. सकाळी आखातातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात सापडलेलं चित्र दर्शनाने सासूबाईंना हौसेने दाखवलं होतं. तलवारकट मिशा, चुणीदार धोतर, पायांत बकलांचे बूट. तिला तो कुणी नटवा जमीनदार वाटला होता.

"खाली मोर दिसत नाही का? कार्तिकस्वामी आहे तो! बाईमाणसानं त्याचं तोंड बघू नये. सात जन्म वैधव्य येतं!"

कॉल संपताच दर्शनाने समोरचं दार वाजवलं. कोलकात्याची केया गालात हसली. "हाँ, मैंने ही रखा. हमारे उधर जिसका बच्चा नहीं, उसके दरवाजे पे चुपके से कार्तिक रख देते हैं. पूजा करो, बेटा होगा."

इंग्रजांच्या काळात कालीघाटच्या देवळाबाहेर चितारी अशी चित्रं यात्रेकरूंना विकत, देवालाच शहरातल्या छानछोकी बाबूंचा थाट चढवत, हेही तिने सांगितलं. दर्शनाला भरून आलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि इतक्या मायेने तिच्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं.

घरी नीलेश चित्राकडे पाठ करून बसला होता. ते तोंड सासूबाईंनी बाईला वर्ज्य केलं होतं, बुवाला नव्हे. पण हा आपला भित्र्या सशासारखा भिंतीकडे तोंड करून.

"काढ ते. माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"रास अल खैमाच्या रोडवर गाडी चालवताना रील्स बघतोस, तेव्हा नाही आठवत जीव?"

"चेष्टा नको, दर्शना."

दर्शनाला त्याची किळस आली. तिच्या सगळ्या तपासण्या कधीच झाल्या होत्या, दोष निघाला नव्हता. त्याची एक साधी टेस्ट, पण "आमच्या घराण्यात असलं काही नसतं" म्हणत स्वारी दवाखान्याची पायरी चढत नव्हती. आणि चिपळूणला वांझोटी कोण, तर दर्शना! गाढवाचं ओझं तिनेच वाहायचं.

तरी तिने शेवटचं विचारून पाहिलं. "या शनिवारी टेस्टला चल. चित्र आत्ता काढते. खलास."

नीलेशने पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

दर्शना त्याच्याकडे बघत राहिली. चाळिशीला टेकलेला इंजिनिअर. बाळसं तेवढं छान धरलं होतं. तिने चित्र उचललं, मोरावरच्या त्या देखण्या देवाचं तोंड अगदी डोळे भरून पाहून घेतलं आणि पुन्हा समोरचं दार वाजवलं.

"क्यों? बेटा नहीं चाहिए?" केयाने विचारलं.

"एक है ना घर में. वो ही बड़ा नहीं हो रहा."

केया खळखळून हसली. मग तिचं लक्ष दर्शनाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिने चित्र आत घेतलं.