अबोल्याचा बडग्या

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण "हे" अन् "ते" करत सांगत बसली तं तुमाले काहीच समजणार नाई. म्हणून घेते. आमचे हे म्हणजे रुपराव. अन् ताराचंद म्हणजे माहा लहान भाऊ. रुपराव आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचे अध्यक्ष, ताराचंद मागच्या गल्लीच्या मंडळाचा. दोन्ही गल्ल्या इतवारीच्या मागे, मधात एक भिंत. तिकडे माह्या माहेरी कुकरची शिट्टी झाली की मले इकडे ऐकू येते. पण दहा-अकरा वर्षं झाले, त्या घरात मी पाय ठेवला नाई.

झालं काय, त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत दोन्ही बडगे एकाच वेळी चौकात आले. बडग्या म्हणजे बांबू, तणस अन् कागदाचा मोठा पुतळा. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा बनवायचा, बोंबा मारत मिरवायचा अन् जाळून टाकायचा. आधी कोण निघन यावरून रेटारेटी झाली, अन् ताराचंदच्या बडग्याच्या हातानं आमच्या बडग्याचं मुंडकं उडवलं. आता, जाळालेच नेत होते ना त्याले? पण नाई. साल्या-भाऊजीचं बोलणं बंद झालं ते झालंच.

यंदा दोघायनंही विषय एकच घेतला, शेजारचा देश. उन्हाळाभर टीव्हीवर सीमेची तणातणी पाहून रुपराव अर्धे जनरल झाले होते. जेवताना पोळीचा नकाशा करत, वरणाच्या वाटीले त्यायची राजधानी म्हणत, अन् त्यानं मारायच्या आधी आपण कसं मारायचं ते मले समजावत. माहं वरण थंड होऊन जाये. तिकडे ताराचंद पानठेल्यावर सांगे की लढाईनं काही होत नाई, टेबलावर बसा, चहा प्या, बोला. मले हसू ये अन् रागही ये. दिल्लीनं परदेशात जाऊन बोलावं म्हणणारा हा शहाणा सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी भिंतीवरून बोलत नाई. अन् हमला करा म्हणणाऱ्या रुपरावनं आजवर घरातला उंदीर मारला नाई, तो बी मलेच माराव लागते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लहानू चहावाला खबर घेऊन आला. ताराचंदच्या मांडवात म्हणे खुद्द रुपरावचाच बडग्या बनून राहिला. मिशा तशाच, पोट तसंच, सफारी बी राखाडी. रुपरावनं पुरावा मागितला नाई. जागेवरच ठरवलं. "परवा तो मले जाळन," म्हणाले, "त्याच्या आधी उद्याच मी त्याले भिजवतो." दुपारी सारी गल्ली बैलाच्या पूजेले गेली की भिंतीवरून टुल्लू पंपाचा पाइप सोडायचा, कागदाचा लगदा करायचा, असा बेत.

मी म्हटलं, आधी विचारून तं पाहा. तं म्हणे, विचारलं की शत्रू सावध होते.

माहे मायबाप गेले, त्या घरात आता एक भाऊ तेवढा. नुसता अबोला होता तवर कधीतरी मिटन अशी आशा होती. पण बडग्यावर पाणी पडलं असतं तं दोन्ही गल्ल्याचे पोट्टे काठ्या घेऊन निघाले असते, अन् माहं माहेर कायमचं संपलं असतं. मले रडू आलं. मंग राग आला. मंग मी पुरण शिजाले घातलं.

दुसऱ्या दिवशी रुपराव पाइप जोडण्यात गुंतले, तवा पुरणपोळ्याचा डबा पदराखाली घेऊन मी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून निघाली.

मांडवात ताराचंद एकटाच होता, दोन्ही हाताले खळ लागलेली. मले पाहून उठला, बसला, पुन्हा उठला. नुसतं "ताई" म्हणाला. मी बडग्याकडे पाह्यलं. लहानू खोटं बोलला नव्हता. माहा नवराच बसला होता तिथं, कागदाचा. पण मेल्यानं अर्धीच खबर आणली होती. रुपरावच्या पाठीले पाठ लावून दुसराही एक बसला होता. टक्कल, चष्मा, कानावर बिडी. तो खुद्द ताराचंद. दोघायच्या गळ्यात मिळून एकच पाटी होती, "अबोला".

ताराचंद खाली मान घालून सांगत होता. त्याले दोन देशाचे दोन पुढारी काढायचे होते, एकमेकाकडे पाठ करून बसलेले. पण रागीट तोंड काढाले बसला की हातून भाऊजीच निघत. तं त्याची बायको अंजना म्हणाली, मंग दुसरा स्वतःचा काढा, तुमी काय कमी हाय?

"तिचं खरंच होतं, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, यंदा हेच जाळून टाकू."

माहे डोळे भरून आले. मी कागदी नवऱ्याच्या अन् कागदी भावाच्या बाजूले उभी राहून डबा उघडत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडे टुल्लू सुरू झाला.

काय सांगू तुमाले. पहिली धार माह्या तोंडावर, दुसरी ताराचंदच्या. मिशा वाहून गेल्या, बिडी गेली, दोन्ही पुतळे एकमेकाच्या अंगावर गळून पडले. मांडवाच्या ताडपत्रीमुळे शिडीवरच्या रुपरावले खालचं काही दिसत नव्हतं. त्यायचं आपलं "घे, अजून घे" सुरूच. मी नाव घेऊन ओरडली. माहा आवाज शत्रूच्या मुलखातून कसा आला, हे समजाले त्यायले जरा वेळ लागला. मंग ताडपत्री बाजूले सरली अन् भिंतीवर डोकं आलं. दोघं एकमेकाकडे पाहून राहिले. मले वाटलं, संपलं आता.

"भाऊजी," ताराचंद म्हणाला, "पंप बंद करा. भिजली की ताईची छाती भरते."

"मले माहीत हाय. तू तिले पाण्यात उभी काहून ठेवली?"

"पाणी कोण मारून राहिलं?"

"बडग्या कोणाचा बनवला?"

अन् जे सुरू झालं! मुंडकं उडालं तवापासूनचं सारं निघालं. पंप बंद कराचं कोणालेच सुचलं नाई, टाकी रिकामी झाली तवा धार थांबली. मी कोपऱ्यात बसून ओली पोळी खात होती, दात वाजून राहिले होते, अन् मले इतकं बरं वाटून राहिलं होतं! भिंतीवरचा म्हणे, हमला केला म्हणून तुही वाचा फुटली. खालचा म्हणे, ताई डबा घेऊन आली म्हणून निभावलं. आजही रोज सकाळी दोघायचा हाच वाद चालते.

शेवटी अंजनानं मले ओढत घरात नेलं, अंग पुसून दिलं, पेटीतली कोरी हिरवी साडी नेसवली. मी बाहेर येऊन ताराचंदले म्हटलं, उद्या धुऊन वापस आणून देते.

"बहिणीले नेसवलेली साडी कोणी वापस घेते का वं, ताई?"

मी तोंडाले पदर लावला. भिंतीवर रुपराव खाकरले.

"नुसती साडी नाई देत गा, ताराचंद," म्हणाले. "संगं चोळीचा खण बी लागते."

ताराचंद खण आणाले आत धावला.